गाडेकरबाईंचा प्रश्न

भागीरथी गाडेकर यांनी निवृत्तीनंतर बरीच वर्षे लेखन शिकवले आणि त्या काळातल्या एकाही विद्यार्थ्याला त्यांनी पाहिले नाही. विद्यार्थ्यांनीही त्यांना पाहिले नाही. त्या गेल्या तेव्हा ही बातमी विद्यार्थ्यांना कळवण्यात आली नाही; तशी पद्धत नाही. त्यांच्याकडे आलेले लेख इतर मार्गदर्शकांकडे वळवण्यात आले. त्यांतले काही माझ्याकडे आले. शेऱ्याखालचे नाव बदलले, एवढेच.

काम काय होते ते आधी सांगितले पाहिजे. पुण्याच्या एका संस्थेचा मराठी लेखनाचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे. त्यात वर्ग नाही, तास नाही, हजेरी नाही. नाव नोंदवले की वर्षभर सगळे धडे विद्यार्थ्याला उघडे असतात. त्याने वाटेल तेव्हा वाटेल तो धडा घ्यावा, त्यावर लेख लिहून पाठवावा. जो मार्गदर्शक त्या वेळी मोकळा असेल त्याच्याकडे तो लेख जातो आणि दोन दिवसांत शेरा परत येतो. मी वर्तमानपत्राच्या संपादकीय विभागात उभे आयुष्य काढले. दुसऱ्याचे लिखाण कापणे एवढेच मला येते, म्हणून मला घेतले असावे. बाई कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. पुण्यापासून दूर, आमच्या या शहरात संस्थेचे मार्गदर्शक आम्ही दोघेच. दोघांचे शेरे एका मापाचे असावेत म्हणून महिन्यातून एकदा एकत्र बसून काही लेख ताडून पाहावेत, असा नियम होता. मी छावणी भागात राहतो, त्या उस्मानपुऱ्यात राहत. आळीपाळीने एकमेकांकडे बसायचे ठरले होते. माझ्याकडे त्या एकदाच आल्या. माझी टेबलखुर्ची, भिंतीवरचे घड्याळ आणि टोक केलेल्या पेन्सिली पाहून म्हणाल्या, "भाऊसाहेब, इथं बसून तुम्ही लोकांचं लिखाण वाचता का त्याची चौकशी करता?" त्यानंतर दर महिन्याला मीच उस्मानपुऱ्यात जाऊ लागलो.

बाई उंच, हाडापेराने मजबूत. चालणे भराभर. माहेर कन्नडकडच्या डोंगराजवळचे, मेंढपाळांचे. वडील वर्षातले बरेच महिने मेंढ्या घेऊन बाहेर असत. शाळा बुडू नये म्हणून मुलीला मावशीकडे ठेवत. बोलणे त्यांनी शेवटपर्यंत वस्तीवरचे ठेवले. लिहिणे मात्र अत्यंत नेटके आणि शुद्ध. एवढी वर्षे मराठी शिकवूनही बोलण्यात बदल कसा झाला नाही, असे मी एकदा विचारले.

"झाला होता," त्या म्हणाल्या. "नोकरीत असताना लई इस्त्रीचं बोलायचे मी. रिटायर झाले अन् काढून ठेवलं."

त्यांचे शेरे लहान असत. विद्यार्थ्याच्या वाक्याला त्या हात लावत नसत. चूक दाखवत नसत, गुण दाखवत नसत. लेखाखाली फक्त एक प्रश्न लिहीत. बाजारावरच्या लेखाखाली 'त्या दिवशी तुम्ही काय विकत घेतले नाही?' असा प्रश्न मी वाचला आहे. बहिणीच्या लग्नावरच्या लेखाखाली 'बहीण निघाली तेव्हा गॅसवर काय होते?' असा. मला हे प्रश्न सुरुवातीला पोरकट वाटत. नंतर माझ्या लक्षात आले की माझा शेरा मिळाल्यावर विद्यार्थी आभार मानतो आणि पुढचा धडा घेतो. बाईंचा शेरा मिळाल्यावर तो तोच लेख पुन्हा लिहून पाठवतो. संस्थेला हे सोयीचे नव्हते. पुन्हा आलेला लेख त्याच मार्गदर्शकाला पुन्हा वाचावा लागतो.

मध्यंतरी वेळ वाचावा म्हणून संस्थेने तयार शेऱ्यांचा एक संच दिला. 'आपले लेखन ओघवते आहे', 'निरीक्षण चांगले आहे', 'शेवट अधिक परिणामकारक करता येईल' अशी वाक्ये. त्यांतले निवडायचे आणि चिकटवायचे. मार्गदर्शकांशी बोलण्याचे काम मृण्मयी नावाची एक तरुण मुलगी करीत असे. बाईंनी माझ्यासमोरच तिला फोन लावला.

"मृण्मयी, ओघवतं म्हणजे काय गं?"

"मॅडम, म्हणजे फ्लो चांगला आहे."

"फ्लो आमच्या नळाचाबी चांगला असतो, पाणी आलं तर. वाचून त्या पोराला काय कळंल?"

"मॅडम, ते ऑप्शनल आहे. पण वेळ वाचतो ना."

"कुणाचा?"

मृण्मयी हसली आणि तिने विषय बदलला. बाईंनी तो संच कधी उघडला नाही. मी वापरतो, गरजेपुरता.

बाईंच्या घराखाली सलीमभाईंचे झेरॉक्सचे दुकान होते. वीज गेली की बाई लॅपटॉप घेऊन जिना उतरत आणि त्यांच्या इन्व्हर्टरवर काम करीत. एका दुपारी मी तेथे बसलो होतो. सलीमभाईंनी बरेच दिवस मनात असलेले विचारून घेतले.

"मॅडम, आपका ट्यूशन चल रा बोलते, पर बच्चा तो एक बी नै दिखता."

"मला बी नाय दिसत, सलीमभाई."

"फिर पढाते किसको?"

"पढाती नहीं. ते लिहितात, मी वाचते."

"वाचने का काम है? मेरे कू बी लगा दो. मैं तो सुबू से शाम तक लोगां के कागदां पढतूंच."

बाई हसल्या. त्यांचे हसणे आवाज न होता खांद्यांतून होत असे. "तुम्ही लोकांचे कागद वाचता हे मोठ्यानं नका सांगू," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक जाईल."

शनिवारी सकाळी त्या नवा लेख उघडत नसत. संस्थेच्या पडद्यावर चालू विद्यार्थ्याच्या नावापुढे हिरवा ठिपका असतो. बरेच दिवस काही पाठवले नाही की तो करडा होतो. मी करड्या नावांकडे पाहत नाही. नाव नोंदवून न शिकणे हा ज्याचा त्याचा अधिकार आहे, असे माझे मत आहे. बाई शनिवारी फक्त करडी नावे पाहत. त्या त्या विद्यार्थ्याचा शेवटचा लेख काढीत, आपला शेरा पुन्हा वाचीत, आणि हा कुठे अडला असेल याचा विचार करीत बसत. त्याला स्मरणपत्र मात्र लिहीत नसत. ते यंत्राकडून आपोआप जाते आणि त्याचाही त्यांना राग होता.

"कळपातलं एखादं मागं राहिलं तर आबा हाक मारायचे नायत," त्यांनी सांगितले. आबा म्हणजे त्यांचे वडील. "हाकेनं ते बिचकतं, भलतीकडं जातं. आबा नुसते थांबायचे, पाठ करून. मग ते आपणहून येतं."

"आणि नाही आले तर?"

"तर मग जायचे मागं. पण लई वेळ थांबून."

विलासचा प्रसंग यानंतरचा.

विलास वाळूजच्या एका कारखान्यात मशीनवर काम करणारा, बजाजनगरात खोली घेऊन राहणारा मुलगा. ही माहिती त्यानेच लेखात दिली होती. त्याने धडे क्रमाने घेतले नाहीत. तशी मुभाच होती. एका आठवड्यात त्याने दोन लेख पाठवले. 'आठवणीतला एक दिवस' या धड्याचा लेख माझ्या वाट्याला आला. त्यात वडिलांच्या अंत्यविधीचा दिवस होता. मी चार-पाच वाक्ये कापली, परिच्छेद जुळवले आणि शेरा पाठवला. 'जवळचा माणूस' या धड्याचा लेख बाईंच्या वाट्याला गेला. माणूस आपल्यासमोर बसला आहे असे समजून लिहावे, अशी त्या धड्याची सूचना आहे. विलासने सूचनेप्रमाणे लिहिले. दादा, म्हणजे त्याचे वडील, अंगणात बसले आहेत. कडुलिंबाच्या बुंध्याला खिळ्यावर आरसा टांगला आहे. दादा दाढी करताहेत आणि लहानगा विलास समोर बसून पाहतो आहे. मृत्यूचा उल्लेख त्यात नव्हता.

बाईंनी त्याखाली आपला प्रश्न लिहिला: 'हा लेख दादांना वाचून दाखवला का? ऐकून ते काय म्हणाले?'

महिन्याच्या बैठकीत ताडून पाहण्यासाठी त्यांनी हाच लेख निवडला होता. तो त्यांना आवडला होता. त्यांनी मला तो सावकाश वाचून दाखवला.

"चांगला आहे," मी म्हणालो. "वडील वारल्यावर इतक्या लवकर असे लिहिणे सोपे नाही."

"कुणाचे वडील?"

"याचेच. त्या दिवसाचा लेख माझ्याकडे आला होता."

बाईंनी चष्मा काढला. "कधी?"

"त्याच आठवड्यात. तुमच्याकडे हा येण्याच्या आधी."

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि आपला शेरा बोटाने दाखवला. मी तो वाचला. विलासच्या नावापुढचा ठिपका करडा झाला होता.

मी म्हणालो की ही चूक व्यवस्थेची आहे. एका विद्यार्थ्याचे लेख दोघांत वाटले जातात. दुसऱ्याकडे गेलेला लेख पाहण्याची सोय आहे, पण त्यासाठी लागणारा वेळ संस्थेने धरलेला नाही. मीही कधी पाहिलेले नाही.

"सोय होती ना?"

"होती."

"मग व्यवस्थेचं नाव कशाला घेता. एक बटण दाबायचं होतं."

त्या उठून आत गेल्या. बऱ्याच वेळाने दोन कप चहा घेऊन आल्या. त्या दिवशी बाकीचे लेख ताडून पाहायचे राहिले.

त्याच संध्याकाळी त्यांनी विलासला लिहिले. तो मजकूर मी नंतर पाहिला. 'तुमचे वडील गेल्याचे मला माहीत नव्हते. ते माहीत करून घेणे माझे काम होते. मी ते केले नाही. माझ्या प्रश्नाने तुम्हाला त्रास झाला असेल, त्याबद्दल क्षमा करा.' एवढेच. लेखाची स्तुती केली नव्हती. मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, "माफी मागताना खाऊ द्यायचा नसतो."

विलासने तो मजकूर उघडला नाही. पडद्यावर 'वाचलेले नाही' असे शब्द दिसत राहिले. बाईंनी मृण्मयीकडे त्याचा फोन नंबर मागितला. तिने नम्रपणे नकार दिला. मार्गदर्शकाने विद्यार्थ्याशी बाहेर संपर्क ठेवायचा नाही, असा नियम होता आणि तो योग्यच होता. मी सुचवले की बजाजनगर काही परदेशात नाही, चौकशी केली तर खोली सापडेल.

"अन् दारात जाऊन काय करू?" बाई म्हणाल्या. "तो खुर्ची शोधंल, शेजाऱ्याकडून दूध आणंल. त्याचा बाप गेलाय आणि त्यानं माझी सरबराई करायची व्हय?"

मी विषय सोडला. पुढे दोन-तीन महिन्यांनी, दुसऱ्याच कुठल्यातरी लेखावर बोलताना, त्यांनी सांगून टाकले की त्या गेल्या होत्या. खोलीवर नव्हे. लेखात कारखान्याजवळच्या एका चौकाचे वर्णन होते, तेथे बसने जाऊन पाळी सुटण्याच्या वेळी उभ्या राहिल्या होत्या.

"मग?"

"मग काय. माणसंच माणसं. एक जण गाडीला किक मारताना मागं वळून बघत होता, वाटलं हाच. मग डबा हातात घेऊन एक जण एकटाच चालला होता, वाटलं नाय, हा असंल. लिहिण्यातला आवाज ओळखीचा, भाऊसाहेब, तोंड नाय. परतीची बस आली, बसले."

"भेटला असता तर तुम्ही त्याला काय म्हणणार होतात?"

"ते ठरवलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "बरं झालं नाय भेटला."

या प्रसंगानंतर त्यांची कामाची रीत बदलली. कुठल्याही लेखावर शेरा लिहिण्याआधी त्या विद्यार्थ्याने पहिल्या दिवसापासून जे जे लिहिले, कोणाकडेही गेलेले असो, ते सगळे त्या वाचू लागल्या. अर्थातच उशीर होऊ लागला. मृण्मयीचे फोन येऊ लागले. "मॅडम, दोन दिवसांचं आपण प्रॉमिस केलंय स्टुडंट्सना." बाई म्हणत, "तू केलंयस, बाळा." संस्थेने त्यांच्याकडे जाणारे लेख कमी केले. त्याबद्दल त्यांनी तक्रार केली नाही. उलट आता नीट वाचता येते, असे म्हणाल्या.

विलासचे वर्ष हिवाळ्यात संपणार होते. वर्ष संपले की धडे बंद होतात. लिहिलेले, आलेले शेरे, न वाचलेले निरोप, सगळे त्याच्यासाठी बंद. बाईंनी मुदत वाढवून मागितली. मृण्मयीने वर विचारून सांगितले की विद्यार्थ्याने स्वतः मागितली तर विचार करता येईल, त्याच्या वतीने दुसऱ्याला मागता येणार नाही.

पावसाळा संपता संपता बाईंच्या हृदयाचे दुखणे निघाले. पायांवर सूज येई. जिना बंद झाला. वीज गेली की सलीमभाईच इन्व्हर्टरची एक वायर खिडकीतून वर सोडत. नांदेडहून त्यांची मुलगी अलका येऊन राहिली. तिने एकदा माझ्यासमोर विषय काढला.

"काका, तुम्ही तरी सांगा हिला. डॉक्टरांनी आराम सांगितलाय, अन् ही दिवसभर त्या पडद्यात बघत बसते. सोडून दे म्हणावं आता."

मी बाईंकडे पाहिले. माझेही मत अलकासारखेच होते.

"सोडते," बाई म्हणाल्या. "एक जण यायचा राहिलाय."

"आई, त्यानं कधीच सोडलं असंल. दुसरीकडं कुठं लागला असंल. तुझी आठवण बी नसंल त्याला."

"मग तर बरंच आहे," बाई म्हणाल्या. "पण ते मला कसं कळावं?"

अलकाने माझ्याकडे पाहून हात झटकले आणि ती आत गेली. मी औषधांच्या वेळा विचारल्या आणि निघालो.

दिवाळी होऊन थोडे दिवस झाले होते. सकाळी बाईंचा फोन आला. "भाऊसाहेब, या." कारण सांगितले नाही. मी रिक्षाने गेलो. बाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. पुढ्यात पाट, पाटावर लॅपटॉप. चेहरा उतरलेला होता. त्यांनी पाट माझ्याकडे सरकवला.

विलासने 'जवळचा माणूस' हाच धडा पुन्हा पाठवला होता. लेखाच्या वर त्याने काही ओळी लिहिल्या होत्या.

'मॅडम, तुमचा प्रश्न वाचला तेव्हा दादा जाऊन थोडेच दिवस झाले होते. मला खूप राग आला. मी ॲप काढून टाकलं. दिवाळीला गावी गेलो तेव्हा माय म्हणाली, तुझ्या दादावर काही लिहिलंस म्हणत होतास, ते वाच. म्हणून मायला वाचून दाखवलं. माय म्हणाली, सगळं बरोबर आहे, फक्त आरशाचं चुकलं. तुझ्या दादाला दाढीला आरसा लागत नव्हता, ते हातानं चाचपून करायचे. आरसा तुझ्यासाठी टांगायचे. त्याचा कवडसा अंगणात पडायचा. तो धरायला तू पळत राहायचास, तेवढ्यात त्यांची दाढी उरकायची. मला यातलं काहीच आठवत नाही. मी समोर बसून पाहत होतो असंच मला वाटत होतं. म्हणून पुन्हा लिहिलं आहे.'

त्याखाली लेख होता. पहिल्यापेक्षा लांब. मी तो पूर्ण वाचला. त्यात मला कापण्यासारखे एक-दोन ठिकाणी होते.

"तुमचा प्रश्न वाया गेला नाही," मी म्हणालो.

"प्रश्न चुकलेलाच होता," बाई म्हणाल्या. "त्यानं तो उचलून मायकडं नेला. ते त्याचं शहाणपण. त्यातलं मला कशाला देता?"

मी पडदा वर सरकवला. त्यांचा क्षमेचा निरोप अजून न वाचलेलाच होता. त्याने तो पाहिलाच नव्हता. न वाचलेला निरोप परत घेता येतो. तशी सोय आहे. आता त्याची गरज उरलेली नाही, तो काढून टाकावा, उगाच जुने उकरले जाईल, असे मी सुचवले.

बाईंनी थोडा विचार केला. "नाय," त्या म्हणाल्या. "राग आला होता ना त्याला? तो खरा होता. त्याचं उत्तर तिथं असू द्या. वाचंल तेव्हा वाचंल."

"वर्ष संपत आले आहे. तोपर्यंत वाचला नाही तर?"

"मुदत मागितलीय त्यानं. सकाळी मृण्मयीचा फोन आला होता. ती सुद्धा लई खूश होती पोरगी."

अलका ताटे वाढू का म्हणून विचारायला आली. मला थांबण्याचा आग्रह झाला. मी नको म्हणालो. बाईंनी पाट पुन्हा आपल्या पुढ्यात ओढून घेतला आणि चष्मा पुसला.

"भाऊसाहेब, तुम्ही निघा आता. याला शेरा लिहायचाय. तुम्ही बसलात की बोलण्यात वेळ जातो."

"आई, आधी जेवून घे," अलका म्हणाली.

"दोन दिवसांचं प्रॉमिस आहे," बाई म्हणाल्या, आणि ते इतक्या गंभीरपणे म्हणाल्या की अलका जेवण झाकून ठेवायला आत गेली.

मी चपला घालताना खोलीत पाहिले. बाई पडद्याकडे वाकल्या होत्या. एक हात उशीवर, दुसरा कळफलकावर, अजून काहीही न लिहिता थांबलेला. मी निघतो असे म्हणालो. त्यांना ते ऐकू गेले नाही.

ही आमची शेवटची भेट.